फाटलेल्या पुस्तकाचा घसारा

गेल्या पावसाळ्यात परीक्षेच्या कामानिमित्त एका तालुक्याच्या गावी जाणे झाले. काम अपेक्षेपेक्षा लवकर उरकले. एस.टी.ला दीड तास अवकाश होता आणि पाऊस थांबण्याची चिन्हे नव्हती, म्हणून स्टँडसमोरच्या रद्दीच्या दुकानात आडोशाला उभा राहिलो. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने रद्दीच्या दुकानात वेळ काढणे तसे गैर नाही. किंमत आणि मूल्य यांतील फरक वर्गात तासभर घसा कोरडा करूनही जो विद्यार्थ्यांच्या गळी उतरत नाही, तो तेथे तराजूच्या पारड्यात उघडउघड दिसतो.

जुन्या गाइडांच्या आणि अर्धवट भरलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यात एक पातळ, रंगीत पुस्तक दिसले. ओढून काढले तर ते माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर' या संचातील एक पुस्तक निघाले. मलपृष्ठ गेलेले, पिना गंजलेल्या, मधले एक पान सेलोटेपने जोडलेले आणि तो सेलोटेपही पिवळा पडून सुटत आलेला. पहिल्या पानावर जवळच्याच एका सार्वजनिक ग्रंथालयाचा गोल शिक्का आणि त्यावर आडवा दुसरा शिक्का: 'निर्लेखित'. आत पुस्तक परत करण्याच्या तारखांचा कागद तसाच चिकटलेला होता. जागा संपल्यामुळे त्यावर दुसरा कागद डकवलेला. मी तारखा मोजल्या. एक्केचाळीस भरल्या.

"साहेब, ते कशाला घेता? फाटकं आहे," दुकानदार म्हणाला. "घ्यायचंच तर असंच घेऊन जा. वजनात काय येतंय त्याचं!"

मी त्याच्या हातावर दहा रुपये ठेवले आणि पाऊस थोडा कमी होताच शिक्क्यावरच्या ग्रंथालयाचा पत्ता विचारत निघालो. तेथील ग्रंथपाल बाई सौजन्यशील होत्या. नुकतीच परत आलेली पुस्तके टेबलावर पडली होती. त्यांतली एक जाडजूड, कापडी बांधणीची कादंबरी मी सहज उघडून पाहिली. किंमत चारशे रुपये, घेऊन पाच वर्षे झालेली, तारखा तीन. माझ्या पिशवीतले पुस्तक मी बाईंना दाखवले. त्यांनी ते ओळखले.

"सर, बालविभागातली पुस्तकं टिकतच नाहीत हो," त्या म्हणाल्या. "तपासणीला आले की पहिला प्रश्न हाच, इतकी फाटली कशी? म्हणून आता नवीन आली की कपाटात ठेवतो. कुणी मागितलं तर काढून देतो."

"मागतात का मुलं?"

बाई क्षणभर थांबल्या. "दिसलीच नाहीत तर मागणार कशी?"

परतीच्या एस.टी.त मी हिशेब मांडला. चित्रपुस्तकाची किंमत हिशेबापुरती पन्नास रुपये धरली, तर एक्केचाळीस वाचनांत एका वाचनाचा खर्च सव्वा रुपयाच्या आत येतो. त्यातही मुलांचे पुस्तक घरी गेले की ते एकच मूल वाचत नाही. धाकटे भावंड, शेजारचे मूल, वाचून दाखवणारी आजी अशी ती साखळी असते, आणि एकच मूल ते एका संध्याकाळी चारदा वाचून घेते ते वेगळेच. कादंबरीच्या एका वाचनाला मात्र एकशे तेहतीस रुपये पडले. असे असूनही ग्रंथालयाच्या दप्तरी कादंबरी ही सुस्थितीतील मालमत्ता आहे आणि चित्रपुस्तक हे नुकसान. हिशेबाच्या ज्या पद्धतीत सर्वाधिक उपयोगी पडलेली वस्तू नुकसानीच्या रकान्यात जाते आणि न वापरलेली जमेस राहते, त्या पद्धतीत कोठेतरी मूलभूत चूक आहे, असे म्हणण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नसावी.

हे पुस्तक मी का उचलले, हे येथे सांगितले पाहिजे. सुमारे पंधरा वर्षांपासून मी माधुरी पुरंदरे यांची पुस्तके जमवतो आहे. संग्राहक हा शब्द मोठा आहे. माझ्यासारख्या पगारदार माणसाला नाणी, तैलचित्रे, जुनी हस्तलिखिते यांचा नाद परवडत नाही, चित्रपुस्तकांचा परवडतो. सुरुवात मुलीच्या निमित्ताने झाली. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात क्रमिक पुस्तके घ्यायला गेलो असता तिच्यासाठी एक पुस्तक घेतले. महिन्याभरात तिने त्याची दोन पाने फाडली आणि एका पानावर पेन्सिलीने आपलेही एक माणूस काढून ठेवले. ते पुस्तक मला इतके आवडले होते की मी गुपचूप दुसरी प्रत आणून वरच्या फळीवर ठेवली. संग्रहाचा जन्म असा एका लहान मुलीवरच्या अविश्वासातून झाला.

ज्यांना या लेखिकेचा परिचय नसेल त्यांच्यासाठी थोडे लिहितो. माधुरी पुरंदरे यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकलेचे शिक्षण घेतले, पुढे फ्रेंच भाषेचा अभ्यास केला आणि ती शिकवली. प्रौढ वाचक त्यांना 'पिकासो' या चरित्रामुळे ओळखतात. 'हॅनाची सूटकेस' आणि 'झाडं लावणारा माणूस' यांसारखे अनुवाद त्यांच्या नावावर आहेत. 'वाचू आनंदे' या बालगट व कुमारगट अशा दोन्ही गटांसाठी प्रत्येकी दोन भागांत निघालेल्या संकलनाने मराठी साहित्यातील वेचे आणि चित्रकलेचे नमुने शेजारीशेजारी ठेवून मुलांसमोर मांडले, आणि 'लिहावे नेटके' ने व्याकरणासारखा रुक्ष मानला गेलेला विषय मुलांच्या हातात खेळण्यासारखा दिला. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आणि २०१६ साली टाटा ट्रस्ट्सच्या 'पराग' उपक्रमातर्फे दिला जाणारा बिग लिटल बुक पुरस्कार. हे सगळे खरे; परंतु माझ्या दृष्टीने त्यांचे मोठेपण 'राधाचं घर' आणि 'यश' या मालिकांतील छोट्या पुस्तकांत आहे, कारण तेथे लिहिणारा हात आणि चित्र काढणारा हात एकच आहे.

ही गोष्ट मराठीत वाटते तितकी सामान्य नाही. आपल्याकडे बालवाङ्मयाची परंपरा मोठी आहे. वासुदेव गोविंद आपट्यांनी १९०६ मध्ये 'आनंद' मासिक सुरू केले. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या यांनी पिढ्यान् पिढ्या वाढवल्या. १९५२ पासून 'चांदोबा' घरोघर पोचला आणि १९७१ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळाचे 'किशोर' निघाले. परंतु ही परंपरा मुख्यतः शब्दांची आहे. 'चांदोबा'च्या रंगीत पानांचा अपवाद वगळला तर चित्र हे मजकुराच्या पंगतीत कोपऱ्यात बसवलेले पाहुणे असे. प्रकाशकाने शेवटी चित्रकाराला बोलवायचे, त्याने चार ठिकाणी चित्रे काढून द्यायची, आणि पुस्तकावर त्याचे नाव आले तर आले. आजही बहुतेक ग्रंथालयांच्या दाखल नोंदवहीत लेखकाचा रकाना असतो, प्रकाशकाचा असतो, किमतीचा असतो, चित्रकाराचा नसतो. ज्या वाचकाला अजून अक्षरओळख नाही त्याच्या दृष्टीने त्या पुस्तकाचा खरा लेखक चित्रकारच असतो, हे आपल्या नोंदवह्यांना मान्य नाही.

पुरंदरे यांच्या पुस्तकांत शब्द जे सांगत नाहीत ते चित्र सांगते, आणि चित्रात जे स्पष्ट आहे ते शब्द पुन्हा सांगत बसत नाहीत. घरातली माणसे घरात जशी असतात तशी तेथे असतात. कोणी उपदेश करीत नाही. शेवटच्या पानावर तात्पर्य नसते. मूल कंटाळते, रुसते, नव्या शाळेला घाबरते, आणि या गोष्टी सुधारण्याजोगे दोष म्हणून येत नाहीत, तर राहण्याच्या रीती म्हणून येतात. शिक्षकमित्रांनी रागावू नये, पण पाठ्यपुस्तकांतील मुलगा बहुधा सकाळी लवकर उठतो आणि झाडे लावतो. यश तसा नाही. म्हणूनच मुले त्याला पुन्हा पुन्हा भेटायला जातात, आणि म्हणूनच त्याची पाने फाटतात.

आता या पुस्तकांच्या अर्थकारणाकडे वळू, कारण ती दुर्मिळ का होतात हे त्याशिवाय कळणार नाही. रंगीत चित्र छापायचे म्हणजे निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार शाईंसाठी चार वेगवेगळ्या प्लेटी कराव्या लागतात. कागद जाड हवा, नाहीतर पाठच्या पानावरचे चित्र पुढे दिसते. चित्रांचे मानधन, रंगविभाजन, प्लेटी हा सगळा खर्च पहिली प्रत छापण्याच्या आधीच होऊन गेलेला असतो. तो समजा साठ हजार रुपये आहे. हजार प्रती काढल्या तर प्रत्येक प्रतीच्या डोक्यावर साठ रुपये बसतात; दहा हजार काढल्या तर सहा. म्हणजे चित्रपुस्तक स्वस्त व्हायचे तर ते पुष्कळ खपले पाहिजे, आणि पुष्कळ खपायचे तर आधी स्वस्त झाले पाहिजे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या आठ कोटी तीस लाख होती. एवढ्या मोठ्या समाजात हजार प्रतींची आवृत्ती ही अजूनही चारचौघांत सांगण्याजोगी गोष्ट मानली जाते. यात वाचकाला दोष द्यावा तर गावोगाव पुस्तकाचे दुकानच नाही, आणि दुकानदाराला द्यावा तर पातळ पुस्तकावर त्याला सुटणारे कमिशनही पातळच असते.

करांची गंमत आणखी निराळी. पुस्तकांवर वस्तू व सेवा कर नाही. मुलांच्या चित्रांच्या आणि रंगवण्याच्या पुस्तकांनाही कायद्याने स्वतंत्र उल्लेख करून तो माफ केलेला आहे. हे ऐकायला छान वाटते. परंतु कागदावर कर आहे, आणि विकल्या जाणाऱ्या मालावर कर नसल्यामुळे कच्च्या मालावर भरलेला कर प्रकाशकाला वळता करून घेता येत नाही. तो निमूटपणे किमतीत मिसळतो. जितका कागद जाड आणि छपाई रंगीत, तितका हा अदृश्य कर अधिक. म्हणजे सवलतीचा फायदा चित्रपुस्तकाला सर्वांत कमी.

सरकारने मनात आणले तर काय होऊ शकते याचा एक नमुना माझ्या पिढीने लहानपणी पाहिला आहे. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा या प्रकाशनांची मराठीत अनुवादित पुस्तके त्या काळी लोकवाङ्मय गृहाच्या विक्रीकेंद्रांत आणि प्रदर्शनांत मिळत. जाड कागद, भरगच्च चित्रे आणि किंमत दोन-चार रुपये. तो भाव बाजाराने ठरवलेला नव्हता. तो एका राज्यसत्तेने आपल्या कारणांसाठी सोसलेला होता. १९९१ मध्ये ती सत्ताच लयाला गेली आणि पुस्तकेही थांबली. आज तीच पुस्तके जुन्या बाजारात मूळ किमतीच्या कित्येक पटींनी मागितली जातात. ती कारणे सगळीच स्पृहणीय होती असे नाही. पण आपल्या घरातल्या फडताळात बर्फाचे प्रदेश, अस्वले आणि फरच्या टोप्या घातलेली मुले मराठी बोलत होती, हे खरे.

दुर्मिळता आली की संग्राहक आलाच. येथे संग्राहकांच्या जगातील एक विचित्र नियम सांगण्यासारखा आहे. इंग्लंडच्या बिअॅट्रिक्स पॉटर हिने आपल्या पीटर नावाच्या सशाची गोष्ट प्रकाशक घेत नाहीत असे पाहून डिसेंबर १९०१ मध्ये स्वखर्चाने २५० प्रती छापून घेतल्या. पुस्तक लहान मुलाच्या हातात मावावे आणि किंमत थोडी असावी असा तिचा आग्रह होता. त्या मूळ प्रतींपैकी एखादी आज लिलावात आली तर हजारो पौंडांना जाते. आणि ती जितकी स्वच्छ, जितकी कोरी, तितकी तिची किंमत अधिक. याचा अर्थ असा की, ज्या मुलाने ती मनापासून वाचली त्याने ती बाजाराच्या दृष्टीने बिघडवली, आणि ज्या घरी ती कोणी उघडलीच नाही त्या घराने तिचे मोल राखले. लहान हातांसाठी केलेले पुस्तक लहान हात न लागल्यामुळे मौल्यवान ठरते. टिकाऊ उपभोग्य वस्तूंचे प्रकरण शिकवताना मी हे उदाहरण देतो तेव्हा विद्यार्थी हसतात. मीही त्यांच्याबरोबर हसत असे.

मराठी चित्रपुस्तकांना अद्याप असा लिलावाचा बाजार नाही, हे एका परीने बरेच आहे. त्यामुळे येथील संग्राहकाचे काम पैशाचे कमी आणि चिकाटीचे अधिक असते. पहिली आवृत्ती कोणती हे ठरवणेसुद्धा सोपे नसते, कारण आपल्याकडे साध्या पुनर्मुद्रणालाही 'आवृत्ती' म्हणण्याची चाल आहे. मजकुरात काना-मात्रेचा बदल नसतो आणि पुस्तकावर 'चौथी आवृत्ती' असे अभिमानाने छापलेले असते. मग शीर्षकपानामागचे बारीक अक्षर वाचायचे, किंमत पाहायची, मुद्रणालयाचे नाव पाहायचे. एकाच चित्रातला पिवळा रंग एका छपाईत हळदीसारखा येतो आणि दुसरीत लिंबासारखा. दोन प्रती शेजारी ठेवल्याशिवाय हे कळत नाही. पुण्यातल्या चौकांतून, मुंबईत माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या पदपथावरून, प्रदर्शनांतल्या सवलतीच्या टेबलांवरून मी अशा प्रती गोळा केल्या. घरी त्यांच्यासाठी काचेच्या दाराचे कपाट केले. आत डांबराच्या गोळ्या आणि कडुलिंबाचा पाला ठेवला. कपाटाला कुलूप लावले.

त्या कुलपाविषयी लिहिणे मला फारसे सुखाचे नाही, तरी लिहितो. आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुटीत आपल्या मुलीला बरोबर आणत. मुलगी तिसरीत होती. आई भांडी घाशीपर्यंत ती बैठकीच्या खोलीत कपाटासमोर उभी राही. एक दिवस तिने विचारले, "काका, ते घोड्याजवळचं पुस्तक पाहू?" घोडा म्हणजे कपाटातले माझे एक लाकडी शोभेचे खेळणे. मी म्हणालो, "ते नको बाळ, तुला दुसरं देतो." आणि कोठल्याशा समारंभात फुकट मिळालेले सुविचारांच्या गोष्टींचे एक पुस्तक तिच्या हाती दिले. तिने चार पाने उलटली, पुस्तक व्यवस्थित मिटून टीपॉयवर ठेवले आणि पुन्हा कपाटासमोर जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मावशी म्हणाल्या, मामाकडे गेली. तसे असेलही.

तालुक्याच्या ग्रंथालयातील बाईंचे उत्तर ऐकताना मला हीच मुलगी आठवली. आम्हा दोघांचे वागणे एकच होते. फरक इतकाच की बाईंना तपासणीचे भय होते, मला तेही नव्हते.

आणि केवळ आम्ही दोघेच नव्हे. प्राथमिक शाळांतून हिंडणाऱ्या कोणालाही हे दृश्य ठाऊक आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीत लोखंडी कपाट असते. त्यात योजनेतून आलेली चित्रपुस्तके ओळीने उभी असतात, इतकी नवी की पाने एकमेकांना चिकटलेली. चौकशी केली तर गुरुजी खरे तेच सांगतात: मुले फाडतात, आणि फाटले की नोंदवही सांभाळणाऱ्याला जबाब द्यावा लागतो. क्वचित भरपाई पदरची द्यावी लागते. अशा स्थितीत कुलूप लावणे हा आळस नसून शहाणपणा आहे. शिक्षकाला दोष देऊन काही साधणार नाही. जो नियम वापराला शिक्षा करतो आणि न वापरण्याला बक्षीस देतो, त्या नियमाखाली कोणताही विचारी माणूस कुलूपच विकत घेईल.

कारखान्यात यंत्र बसवले की ते झिजणार हे आधीच गृहीत धरलेले असते. दरवर्षी त्याच्या किमतीतून काही रक्कम घसारा म्हणून वजा होते. यंत्र दहा वर्षांनी निकामी झाले तर फोरमनला कोणी जाब विचारीत नाही. उलट यंत्र अजिबात झिजले नाही तर ते चालवले का नाही, अशी चौकशी होते. मोटारीच्या टायरांना हे लागू, शाळेच्या खडूंना लागू. फक्त चित्रपुस्तकाने मात्र अमर असावे अशी आपली अपेक्षा आहे. जाड बांधणीचा शब्दकोश आणि पिना मारलेले सोळा पानांचे पुस्तक यांना आपण एकाच नोंदवहीत, एकाच नियमाने जखडतो.

राज्यात अकरा-बारा हजार शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये आहेत. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने उभी राहिलेली ही व्यवस्था आहे आणि इतर अनेक राज्यांना हेवा वाटावा असे तिचे जाळे आहे. तिच्याकडे मागायचे ते फार नाही. बालविभागातील पुस्तकाचे आयुष्य तीन वर्षे धरावे आणि त्यानंतर ते आपोआप हिशेबातून कमी व्हावे. बालविभागाच्या खरेदीतील काही हिस्सा फाटलेल्या पुस्तकांच्या जागी तीच पुस्तके पुन्हा घेण्यासाठी राखून ठेवावा. आणि निर्लेखनाच्या कागदावर पुस्तकाच्या किमतीशेजारी त्यावर पडलेल्या तारखांची संख्या लिहावी. या तिसऱ्या गोष्टीला एक पैसाही लागत नाही. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याने एक्केचाळीस हा आकडा पाहिला, तर तो 'फाटले कसे' असे विचारणार नाही अशी माझी समजूत आहे. शिवाय अशा पुनर्खरेदीने हजाराची आवृत्ती तीन हजारांची झाली, तर वर सांगितलेले साठ रुपयांचे ओझे वीस रुपयांवर येते. पुस्तक स्वस्त होण्याचा एवढा सरळ मार्ग दुसरा कोणता असेल तर मला माहीत नाही.

मग जतनाचे काय? एखादी तरी प्रत कोठेतरी सुखरूप राहिली पाहिजे, हा संग्राहकाचा युक्तिवाद खोटा नाही. परंतु त्यासाठी १९५४ चा कायदा आहे. त्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी एकेक प्रत मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांना तीस दिवसांत पाठवायची असते. न पाठवणाऱ्यास कायद्याने दंड ठेवला तो पन्नास रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत. एवढ्या दंडाला कोण भितो, हा प्रश्न वाचकांनीच सोडवावा. त्याच कायद्याप्रमाणे ज्या पुढच्या आवृत्तीत मजकूर वा चित्रे बदललेली नाहीत तिची प्रत पाठवण्याची आवश्यकता नाही. म्हणजे हळदीचा पिवळा आणि लिंबाचा पिवळा हा भेद कायद्याला दिसत नाही. तो माझ्यासारख्या रिकामटेकड्यांनी सांभाळावा. ते काम आम्ही आनंदाने करू. पण वाचण्याच्या प्रती कुलपात घालून जतन होत नाही, ते फक्त मुलांपासून लपवणे होते.

काही तरुण सहकारी म्हणतात, आता कागदाचा हट्ट कशाला? 'प्रथम बुक्स' या संस्थेने २०१५ पासून 'स्टोरीवीव्हर' वर हजारो चित्रकथा संगणकावर आणि मोबाइलवर फुकट उपलब्ध केल्या आहेत. त्यांत मराठी आहेत, आणि तेथे पान फाटण्याचा प्रश्नच नाही. हे काम मोलाचे आहे, आणि ज्या वाडीवर पुस्तक जात नाही तेथे ते पोचते. पण दोन वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन ज्याने पुस्तक वाचून दाखवले आहे त्याला ठाऊक असते की, मूल चित्रावर बोट ठेवते, पान स्वतः उलटू पाहते आणि आपण पुढे गेलो तर हात धरून मागे आणते. काचेवर बोट ठेवले की काच आपल्या मर्जीने पुढे सरकते. शिवाय घरातला मोबाइल बहुधा एकच असतो आणि तो बाबांच्या खिशात असतो.

पुस्तक नीट हाताळायला मुलांना शिकवायला नको का, असे शिक्षक विचारतील. शिकवायला हवेच. पण पोहणे जसे पाण्यात शिकवतात तसे हे पुस्तकात शिकवावे लागते. माझ्या मुलीने दुसऱ्या वर्षी दोन पाने फाडली, तिसऱ्या वर्षी एक, आणि चौथ्या वर्षी तीच मला पान कोपऱ्यातून धरून उलटायला सांगू लागली. ज्या पुस्तकांवर ती हे शिकली ती पुस्तके संपली. शिकवणीची फी म्हणून ती फारशी नव्हे.

त्या तालुक्याच्या गावाहून आल्यानंतरच्या रविवारी मी कपाट रिकामे केले. ज्यांची एकच प्रत होती ती वरच्या फळीवर ठेवली. ज्यांच्या दोन-तीन होत्या त्यांतली एकेक खाली, हात पोचेल अशा ठिकाणी काढली. तशी ती सदतीस निघाली. दोनशे पानी वही आणून तीत रकाने आखले: नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. पाचवा रकाना 'शेरा' म्हणून ठेवला. मावशींना मुलीला पाठवायला सांगितले. ती आता पाचवीत आहे आणि चित्रपुस्तकांचे वय आपण ओलांडले असे तिचे मत आहे. परंतु धाकट्या भावाला घेऊन आली. भाऊ पाच वर्षांचा. त्याने पुस्तके जमिनीवर पसरली, बराच वेळ कोणत्याच पुस्तकाला हात लावला नाही, आणि मग यशचे एक उचलले. वर पाऊस होता म्हणून मी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिले.

पुस्तक अकरा दिवसांनी परत आले. बहिणीने वहीत स्वतःच्या अक्षरात तारीख घातली आणि शेऱ्याच्या रकान्यात काय लिहू, असे विचारले. मी म्हटले, जे झाले असेल ते लिही. तिने लिहिले: 'सहावे पान फाटले. ताईने चिकटवले. पुन्हा पाहिजे.'